भिंतीत गेलेलं खाचर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बांध बुजवला. खालच्या भातखाचराच्या कोपऱ्यावरचा बांध, दोन हात रुंद आणि गुडघ्याएवढा खोल उकललेला. दिवस वैशाखाचे, ऊन कलायला लागलेलं. ती दगड उचलून देत होती आणि मी रचत होतो. प्रत्येक दगडाखाली चीप घालायची, म्हणजे दगडाचीच बारकी कपची, ही तिची पद्धत. मी दगडावर दगड ठेवत सुटलो होतो.

"चीप घाला," ती म्हणाली.

"बसलाय दगड."

"बसलाय नाय, टेकलाय. तुमी गावकीच्या बैठकीत टेकता तसा. कोणी चहाला हाक मारली की उठेल."

मी चीप घातली. पलीकडे बांधाला लागूनच आमच्या भावकीतल्या एकाचं खाचर. नात्याने माझा चुलतभाऊ, वयाने लहान, तिचा दीर. तो तिथेच म्हशीला चारत होता. तिने कमरेवर हात ठेवून त्याला गाठला.

"भावजी, म्हशीला दावं नाय का तुमच्या घरी?"

"वयनी, म्हैस दुपारपर्यंत गोठ्यातच होती. आता सोडली."

"मग बांध काय घुशीने काढला? एवढाले दगड?"

"तुमचा बांध तो. कोंबडी शिंकली तरी पडेल."

झालं. मग तिने त्याचा बाप काढला, बापाचा बाप काढला, त्यांची ढोरं आमच्या बांधावर कशी पोसली ते काढलं. तो हसत होता. त्याला सवय होती. मग ती माझ्याकडे वळली. "तुमी का गप? तोंडात काय माती भरलेय?"

मी म्हणालो, "म्हशीला अक्कल नसते, मालकाला तरी असावी."

माझ्या तोंडून हे आल्यावर त्याचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, म्हशीला काठी लावली आणि निघून गेला.

म्हैस नव्हती. बांध मी काढला होता. त्याच दिवशी सकाळी, ती पाण्याला गेली असताना, पहार घालून. ट्रॅक्टरला वाट पाहिजे होती म्हणून काढायला घेतला, आणि हंडा घेऊन येताना ती वरच्या वाटेला दिसली तेव्हा अर्धा टाकून घरी पळालो. संध्याकाळी तिच्याबरोबर तोच बांध रचला, तिच्याबरोबर म्हशीला शिव्या दिल्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायची सवय नाही. पण हे पोटात ठेवून ओकारी येते, म्हणून लिहितो.

आमचं गाव शेणव्यापासून आत, पायी पाऊण तासावर. पाऊस आमच्याकडे एवढा की चार महिने अंगावरचं कापड वाळत नाही. आणि शिमगा आला की विहिरीत बादली आपटते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं. त्यात खोटं काही नाही. पाऊस येतो आणि माती घेऊन जातो. माती गेली की पाणी राहायला जागाच नाही. वरच्या अंगाच्या वरकस जमिनी, जिथे आमचे आजे नाचणी-वरई करायचे, तिथे माझ्या डोळ्यांदेखत कातळ उघडा पडला. ओरबाडली कोणी, तर आम्हीच. राबासाठी, म्हणजे रोपाची जागा भाजायला, ऐनाची झाडं खरडून खरडून खुंट करून टाकली. सगळे करत होते, मीही करत होतो. पण वरकस गेली ती हळूहळू गेली. माझं खालचं खाचर मी एका उन्हाळ्यात घालवलं, तेही हौसेने.

नव्वद सालाच्या पुढेमागे आमच्या बाजूला वीटभट्ट्या आल्या. कल्याणकडे इमारती उठत होत्या, त्यांना विटा हव्या होत्या, आणि विटांना माती. आमचं घर तेव्हा कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती, वर शेणमाती. पाहुणे आले की मला लाज वाटायची. भट्टीचा शेट दारात आला, खाचर बघून म्हणाला, "तुमचं खाचर उंच आहे, पाणी पळतं. हातभर माती काढली तर तळं होईल तळं. वर चार भिंतींच्या विटा माझ्याकडून."

पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. माती घ्या, विटा द्या. मला तो मोठा शहाणपणा वाटला.

बायको दाराआडून म्हणाली, "माती काढून शेत सुधारतं, तर मग मुंडी छाटून माणूस का नाय सुधारत?"

शेट हसला. मी म्हणालो, "बायकांना काय कळतं यातलं." शेट परत हसला, मीही हसलो. ते हसू आठवलं की आता थुंकावंसं वाटतं.

बोलणं हातभराचं होतं. काढली दोन हात. मी तिथेच होतो. बांधावर बसून भट्टीच्या माणसाने आणलेला चहा पीत होतो. वरची काळीशी माती गेली, खालची तांबडी गेली, मग फावड्याचा आवाज बदलला. खाली मुरूम लागला, पांढरट, हाडासारखा. मी म्हणालो, "जास्त झालं काय रे?" तो म्हणाला, "काका, जेवढं खोल तेवढं पाणी." मी दुसरा चहा घेतला.

घर उभं राहिलं. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला बायकोच होती. गवंडी एक लांब नळी आणायचा, आरपार दिसणारी, तीत पाणी भरायचा आणि दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरायचा. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तो सपाटीचा माथा. हिने त्याला विचारलं, "हे भिंतीलाच चालतं, का जमिनीला पण?"

"पाण्याला काय कळतं, बाय, भिंत का जमीन," तो म्हणाला.

ते तिने लक्षात ठेवलं. मला वाटलं, बाई रिकामी चौकशी करतेय.

पहिल्या पावसात खाचराचं खरंच तळं झालं. मी लोकांना बोलावून दाखवलं. माझ्या शब्दावर वाडीतल्या आणखी दोघांनी आपापली खाचरं शेटला दिली. त्यांची तोंडं आज समोर आली की मी वाट बदलतो. लावणी झाली, पाऊस चार दिवस थांबला, आणि तळं चाळणीत ओतल्यासारखं गेलं. मुरूम पाणी धरत नाही, हे आमच्यातल्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. विटा दिसत होत्या म्हणून माहीत नसल्यासारखं केलं. भात पिवळं पडलं, लोंब्या पोचट आल्या. पुढच्या वर्षी तेवढंही नाही. तिसऱ्या वर्षी गवत उगवेना. उन्हाळ्यात त्या मुरुमावरून अशी झळ यायची की कुत्रंदेखील आडवं जायचं नाही. बाप-आज्यांनी केलेलं भाताचं खाचर, आणि मी त्याचा माळ केला. एका घरासाठी.

आणि ते घर. पावसाळ्यात भिंती ओल धरतात. आतून गिलावा नव्हता, विटा उघड्या. ओल्या विटांना वास येतो. लोक म्हणतात विटेचा वास. मला माहीत आहे तो कशाचा आहे. पहिल्या नांगराला माझ्या खाचराला यायचा तोच, फक्त भाजलेला, मेलेला. अशा भिंतींत मी जेवलो, झोपलो, लग्नाच्या पत्रिका वाटल्या. किळस आली तरी जाणार कुठे.

चुलतभावाने आपली माती दिली नव्हती. त्याचं खाचर वर राहिलं, माझं खड्ड्यात गेलं. मग दर पावसाळ्यात त्याचा बांध माझ्या खड्ड्यात ढासळायचा, मातीसकट. तिथून त्याचं आणि बायकोचं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत.

"वयनी, माझी माती तुमच्यात आलेय. परत टाका."

"मी नाय बोलावली. आपल्या पायाने आलेय. तुमच्याकडं करमत नसेल."

तो चिडायचा आणि हसायचा. शेवटी दोघांनी मिळून मध्ये दगडाचा बांध घातला. मी कुठे होतो? मी भिवंडीकडे गोदामात हमालीला जात होतो. शेतात तोंड दाखवायला नको म्हणून जात होतो, हे मी कोणाला सांगितलं नाही. घरासाठी राबतोय असं सांगितलं.

तिचं माहेर मुरबाडच्या बाजूला, वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. तिथे शेतं उताराची. पावसात माती खाली येते, आणि उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं ती पाट्यांनी परत वर नेतात. तिच्या माहेरी हे भांडी घासण्याइतकं साधं काम. उष्टी भांडी घासायची, तशी खाली आलेली माती वर न्यायची. आमच्या गावात हे कोणी बघितलेलं नव्हतं. हिने काय केलं, वरच्या ओहोळात चार ठिकाणी दगडाच्या आडव्या ओळी रचल्या. पाणी त्यातून निघून जायचं, पण वाहून चाललेली माती मागे अडायची. वैशाखात ओहोळ सुकला की तो गाळ खणायचा, पाटीत भरायचा, आणि खाली आणून माझ्या मुरुमावर टाकायचा. राब भाजायचं तिने बंद केलं. जाळायचा तो पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि शेण खाचरात कुजत घालायला लागली. मी भांडलो. राबाशिवाय रोप कसं येईल, लोक काय म्हणतील.

"लोकांनी तुमाला विटा घेताना काय म्हटलं?" तिने विचारलं.

"चांगलं म्हटलं."

"मग त्यांचं नका ऐकू."

गावाने तिला नाव ठेवलं, मातीवाली. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, "काय गो मातीवाले, आज डोंगर किती आणलास?" ती म्हणायची, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात भरायला थोडा उरलाय, देऊ?" मला मात्र लाज वाटायची. कामावरून येताना ती डोक्यावर पाटी घेऊन दिसली की मी देवळामागून घरी जायचो. स्वतःची बायको डोक्यावर ओझं घेऊन येतेय, ते ओझं माझ्या पापाचं, आणि मी देवळामागून.

गवंड्याची ती नळी तिने कुठून तरी मिळवली. वरच्या उतारावर बांध घालायचे तर ते सपाटीच्या रेघेत हवेत, नाहीतर पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. एका टोकाला ती उभी राहायची, दुसऱ्या टोकाला पोराला उभं करायची. पोरगा तेव्हा शाळेत. तो कंटाळायचा, नळी हलवायचा, ती ओरडायची. पण रेघ बरोबर आली. ते बांध अजून आहेत.

त्याच उतारावर पुढे सरकारी योजना आली, पाणी अडवायची. लोक त्यांना पाणलोटवाले म्हणायचे. साहेब जीपमधून उतरला नाही, काच खाली करून हात दाखवला, इथून तिथे चर मारा. मशीनवाल्याने मारले. सरळ मारले, मशीनला वळायला सोपं म्हणून. नळी नाही, रेघ नाही. बायकोने मशीनवाल्याला सांगितलं, "दादा, हे वरून खाली चाललंय. पाणी अडणार कसं, त्याला तर तू रस्ता करून देतोस." तो म्हणाला, "मावशी, मला फुटावर पैसे मिळतात." पहिल्याच पावसात त्या चरांच्या घळी झाल्या. होती नव्हती ती माती भसाभसा खाली. मग एकजण फोटो काढायला आला. त्यांचे चर दाखवण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून त्याने तिच्या बांधांचे फोटो काढले आणि गेला. जाताना पत्र्याचा फलक रोवून गेला, त्यावर योजनेचं नाव आणि खाली लाभार्थी म्हणून माझं. माझं. ज्याने एक पाटी उचलली नव्हती त्याचं. तिने तो फलक महिनाभर ठेवला, मग उपटून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. "योजनेचा काय तरी उपयोग होऊ दे," म्हणाली.

मी तिच्याबरोबर माती उचलायला लागलो ते एका गांडुळामुळे. पाच-सहा उन्हाळे गेले असतील. मी सुट्टीला घरी होतो, पावसाची उघडीप होती. ती धावत आली, माझा हात धरला आणि खाचरात नेलं. तोवर माती वीतभर झाली होती. तिने ढेकूळ उलटं केलं. खाली गांडूळ होतं.

"बघा," ती म्हणाली.

"गांडूळ बघायला मला जेवणावरून उठवलंस?"

"ह्याला कोणी आणलं नाय. आपणहून आलंय. मुरुमात येतं का हे? आता ही जमीन झाली."

तिच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या पोराच्या जन्माच्या वेळीही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून मी पाटी घेतली. उपकार केले नाहीत. हमालीत उचलत होतो त्याच्यापेक्षा हलकी होती. मग आधी वरई झाली, मग नाचणी, बांधावर तूर. मग एका वर्षी भात. जुन्यासारखं नाही, पण लोंबी भरलेली. शिमग्यानंतरही खालच्या विहिरीत पाणी दिसायला लागलं. ज्या बायका मातीवाली म्हणायच्या त्या त्याच विहिरीवर यायला लागल्या. तिने कोणाला काही ऐकवलं नाही. मी असतो तर ऐकवलं असतं.

बारा उन्हाळे. मातीची जाडी आता हातभर झाली होती. जेवढी शेटला द्यायचं बोलणं होतं, बरोबर तेवढी.

आता पोराचं. तो आसनगावहून गाडी धरून अंबरनाथला कारखान्यात जातो. लग्न झालेलं, एक मुलगी. घरात जागा पुरत नव्हती हे खरं. त्याची बायको म्हणायची स्टेशनजवळ भाड्याने राहू, येण्याजाण्याचा टाइम वाचेल. मला नात जवळ हवी होती. ती सकाळी माझ्या कानात ओरडून मला उठवायची. ती गेली तर ते घर म्हणजे नुसत्या विटा. पोराला हे बरोबर माहीत होतं.

त्या आठवड्यात त्याची आई ओहोळात असताना तो ओट्यावर माझ्याजवळ बसला.

"बा, भट्टीवाल्याचा पोरगा भेटला. दोन खोल्यांच्या विटा देतोय. खालच्या खाचराची माती घेईन म्हणतो. परत चांगली झालेय म्हणतो."

मी सुतळी वळायला घेतली.

"खोल्या झाल्या तर आमी कशाला जातोय इथून?"

"आणि शेत?"

"अरे बा, आयस भरतेच की परत. तिला सवय हाय."

हे वाक्य मी कानांनी ऐकलं. माझ्या जागी माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे पोराच्या कानाखाली दिली असती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तिला आताच सांगू नको." आणखी काय? "बघू." पोराने बघूचा हो धरला. त्यानेही बरोबर धरला. माझ्या बघूचा अर्थ त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

"तीन दिवसांनी ट्रॅक्टर येईल. तेवढी बांधातून वाट करून ठेव," तो म्हणाला. ती मी करायला घेतली, दुसऱ्या सकाळी, पहारीने.

बांध बुजवून घरी आल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. तिने म्हशीचं परत काढलं. म्हणाली, "उद्या त्याच्या दारात जाऊन दावं देऊन येते, आपल्याकडं एक जादा हाय. भांडून काय, तो पण म्हातारा झाला." मी भाकरी खाल्ली. बोललो नाही. उद्या बोलू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओहोळातून चार पाट्या आणल्या. पाचवी अर्धी भरून तिथेच ठेवली, ऊन झालं म्हणाली. जेवली, पाट उशाला घेऊन ओटीवर आडवी झाली. मी बाहेर सुतळी वळत होतो. बऱ्याच वेळाने मी हाक मारली, "चहा ठेव गो." ती उठली नाही. मी परत म्हटलं, थोडं चिडून, "किती झोपायचं?" मेलेल्या बाईला मी चहा मागत होतो आणि वर चिडत होतो. डॉक्टर किन्हवलीहून आला, त्याने डोळा उघडून बघितला आणि छाती म्हणाला.

संध्याकाळच्या आत नेली. लाकडं कमी पडत होती. चुलतभाऊ आपल्या गोठ्याच्या माळ्यावरची वाळलेली ऐनाची लाकडं गाडीत भरून घेऊन आला, जी त्याने स्वतःच्या घराच्या आढ्यासाठी ठेवली होती. पुढचा खांदा त्याचा. आदल्या दिवशी मी त्याला अक्कल काढून बोललो होतो. त्याने त्यातलं एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. स्मशानातून येताना तो माझ्याबरोबर चालत होता, आणि मला एवढंच वाटत होतं की ह्याने बाजूला व्हावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आधी लोक अंगणात बसले होते. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारून काळा चहा आला होता. तेवढ्यात खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. पोराने माझ्याकडे बघितलं. तो विसरला होता, भट्टीवाल्याला नको म्हणून सांगायचं राहिलं होतं, त्यात त्याची चूक नाही. तो उठायला लागला. मी म्हणालो, "तू बस. मी जातो."

ट्रॅक्टर बांधाशी थांबला होता. ड्रायव्हर परका, त्याला कोण मेलं ते माहीत नव्हतं. खाली उतरून तो दगड बघत होता.

"काका, इथून वाट काढून ठेवतो म्हणाले होते."

"काढली होती. बुजवली."

"कोणी?"

"मी काढली, आणि मी आणि माझ्या बायकोने बुजवली. माती द्यायची नाय. शेटच्या पोराला सांग."

"तुमच्या मुलाने बोलणं केलंय."

"खाचर माझ्या नावावर हाय. त्याच्या बोलण्याने नाय जात."

चुलतभाऊ आपल्या खाचरात उभा होता. म्हशीला पाण्यावर नेता नेता थांबला होता. त्याने सगळं ऐकलं. पोरगाही मागून आला होता, पायात चप्पल नाही.

"बा, आज नको हा विषय," तो म्हणाला.

"आजच. नायतर मी परत बघू म्हणेन."

"मग खोल्या कशाने बांधायच्या?"

"कुडाच्या बांध. कारवी मी आणून देतो डोंगरावरनं."

"आता कोण कुडात राहतं? लोक हसतील."

"हसू दे. तुझ्या आयशीवर बारा वर्षं हसले. मी पण होतो त्यात."

त्याने घराकडे बघितलं. मग म्हणाला, "मग आमी जातो आसनगावला. भाड्याने. मुलीला पण घेऊन."

हे तो बोलणार हे मला माहीत होतं. नात गेली की सकाळी मला कोण उठवणार, हेच पहिलं आलं मनात. आधी स्वतःचंच. तरी मी म्हणालो, "जा." तो घराकडे गेला. ड्रायव्हरने ट्रॅक्टर मागे घेतला. त्याच्या चाकाने वाटेच्या कडेचं थोडं गवत उकरलं, तेवढंच.

चुलतभाऊ बांधाजवळ आला.

"म्हणजे माझी म्हैस नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"वयनीने माझ्या बापापर्यंत काढलं."

"माझा काढायला पाहिजे होता."

"तिला माहीत होतं?"

"नाय. मी सांगितलं नाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी दोन शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "दादा, तुला लाज वाटायला पाहिजे होती." आणि मग म्हणाला, "घरी चल. लोक बसलेत."

"तू हो पुढं. जादा दावं हाय आमच्याकडं, खुंटीवर. तुला द्यायचं होतं तिला. घेऊन जा."

तो गेला. मी बांधावर हात दाबून बघितला. ज्या ठिकाणी मी चीप घातली होती तिथे दगड पक्का होता. त्याच्या शेजारचा, जो तिची पाठ वळल्यावर मी तसाच ठेवला होता, तो डुलत होता. पहारीसाठी मी हात पुढे केला आणि आठवलं, सुतकात हत्याराला हात लावत नाहीत, आणि पहार मी आणलीही नव्हती. खाली बसलो, हाताने दगड काढला, मातीतून एक कपची शोधली आणि खाली घालून दगड परत ठेवला. तरी हलला. परत काढला. दुसरी कपची शोधली, थोडी जाड, आणि परत घातली. मग उठून ओहोळाकडे गेलो. तिची अर्धी पाटी तिथेच होती. ती पुरी भरून घेतली आणि डोक्यावर ठेवली. येताना लोकांनी भरलेल्या अंगणासमोरून, सरळ वाटेने आलो.